‘आमच्या घरात असे काही कधी कानावर आले नाही’: ही सबब कुठपर्यंत चालते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका समितीवर तुम्ही काम करता. तुमच्याबरोबरचे एक सदस्य लहानपणापासून संपन्न आणि सुरक्षित वातावरणात वाढले आहेत. ज्या मुलांचे अर्ज मुदतीनंतर आले त्यांना शिक्षणाची खरी तळमळ नाही, असे ते बैठकीत म्हणाले. अनेक घरांत अर्ज भरण्याचे साधन नसते, कागदपत्रे कुठून मिळवायची हे सांगणारे मोठे माणूसही नसते, हे तुम्ही लक्षात आणून दिल्यावर त्यांनी उत्तर दिले की, मी ज्या घरात वाढलो तिथे असे काही कधी कानावर आले नाही, मग मला कसे कळणार? हे उत्तर तुम्हाला प्रामाणिक वाटले, पण पटले नाही. शिवाय तुम्ही स्वतःही बऱ्यापैकी सुस्थितीत वाढलात आणि गेल्या काही काळापासून शीण येतो म्हणून बातम्या पाहणे बंद केले आहे, तेव्हा त्यांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला आहे का, अशीही शंका तुमच्या मनात आहे.

मी नीतिशास्त्र शिकवतो, आणि निवड, नेमणूक किंवा मदतवाटप करणाऱ्या मंडळांवरील लोकांबरोबर बरीच वर्षे अभ्यासवर्ग घेत आलो आहे. तुमच्या सहकाऱ्यांचे वाक्य मी निरनिराळ्या लोकांकडून ऐकले आहे आणि बहुतेक वेळा ते मनापासूनच उच्चारलेले असते. माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे मांडतो. माणूस कुठून सुरुवात करतो हे त्याच्या वाढीवरून ठरते, आणि ज्या गोष्टीची त्याला शंकासुद्धा येणे शक्य नव्हते तिच्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. मात्र पहिली खूण त्याच्यापर्यंत पोहोचली आणि पुढे शोध घेण्याची साधने त्याच्या हाती असली, की त्या सबबीची मुदत संपते. सुबत्तेने ही सबब बळकट होत नाही. ती अधिक लवकर संपते.

तुमच्या प्रश्नात दोन अगदी भिन्न प्रकारच्या वाढी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या की बराच गुंता सुटतो. एका प्रकारात जाणून घेण्याची साधनेच माणसापासून काढून घेतलेली असतात. ज्या मुलीला शाळेत पाठवलेच नाही, ज्या मुलाला बंदिस्त पंथात वाढवून बाहेरचा प्रत्येक माणूस खोटे बोलतो असे शिकवले, जो दिवसभर राबून घरी येतो आणि ज्याच्याकडे वाचायला ना वेळ ना अक्षरओळख, त्यांचे अज्ञान त्यांच्यावर लादलेले असते. युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजांप्रमाणे जगात ७० कोटींहून अधिक प्रौढांना साधे लिहिता-वाचता येत नाही; त्यांच्यापैकी कोणालाही ‘तुम्ही माहिती का ठेवली नाही’ असे दरडावून विचारण्यात मला क्रौर्य दिसते. दुसऱ्या प्रकारात शिक्षण, पुस्तके, फावला वेळ, प्रवास, जाणकारांच्या ओळखी अशी सगळी साधने असतात. नसते ती फक्त गरज. तुमचे सहकारी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोघेही ‘मला माहीत नव्हते’ असेच म्हणतील, पण त्या दोन वाक्यांचे नैतिक वजन सारखे नाही.

गरज नसणे ही गोष्ट क्षुल्लक आहे असे मात्र कृपया समजू नका, कारण सुखवस्तू माणसाचे अज्ञान नेमके तिथूनच येते. जो दुसऱ्यावर अवलंबून असतो त्याला त्या दुसऱ्याचा स्वभाव, सवयी, राग, सोयी-गैरसोयी सगळे ठाऊक ठेवावे लागते. ते ठाऊक नसले तर त्याची नोकरी जाते, निवारा जातो, कधी जीवही जातो. ज्याच्यावर इतर अवलंबून असतात त्याला मात्र त्यांच्या आयुष्याबद्दल काही कळले नाही तरी त्याच दिवशी काही बिघडत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला मालकिणीच्या घरातला प्रत्येक ताणतणाव माहीत असतो. मालकिणीला त्या बाईचे घर कुठल्या दिशेला आहे हेही अनेकदा माहीत नसते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘दुहेरी जाणिवे’बद्दल लिहिले, म्हणजे स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या नजरेतून पाहत राहण्याच्या सक्तीबद्दल. ही सक्ती वरच्या बाजूला असलेल्यांवर नव्हती. एका बाजूचे आयुष्य दुसऱ्या बाजूला उघडे आणि उलट दिशेने मात्र दार बंद, अशी ही रचना आहे, आणि तिच्या आत जन्मलेल्या माणसाने ती स्वतः उभारलेली नसते हे खरेच आहे.

म्हणूनच मी अशा माणसाला त्याच्या सुरुवातीबद्दल दोष देत नाही. पण याच कारणाचा पुढचा भागही लक्षात घ्यावा लागतो. ज्यांना परिस्थिती रोज शिकवते त्यांना शिकण्याचा वेगळा निश्चय करावा लागत नाही. ज्यांना परिस्थिती काहीच शिकवत नाही त्यांच्यापाशी निश्चयावाचून दुसरा मार्ग उरत नाही. सुबत्ता माणसाला शिकण्याच्या सक्तीतून सोडवते आणि त्याच वेळी शिकण्यासाठी लागणारा वेळ, सुरक्षितता व प्रवेश त्याच्या हातात देते. पहिली गोष्ट सबब म्हणून पुढे करायची आणि दुसरीचा उल्लेखच टाळायचा, हे प्रामाणिक हिशेबात बसत नाही.

अभ्यासवर्गांत मला आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत कमी बोलली जाते. अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाचे अज्ञान त्याच्या भोवतालची माणसे जपत असतात. कनिष्ठ कर्मचारी साहेबांना आवडणार नाही ते बोलत नाही, अर्जदार आपली अडचण सांगताना ती सौम्य करून सांगतो, घरातले लोक मुलांसमोर कटू विषय काढत नाहीत. बैठकीत ज्याला वस्तुस्थिती पक्की ठाऊक असते तो बहुधा कागद आणून ठेवणारा माणूस असतो, आणि त्याला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे ‘माझ्या कानावर आले नाही’ हे विधान खरे असले तरी पुरेसे नसते. कानावर का आले नाही, हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा असे निघते की, सांगणाऱ्याला सांगणे परवडत नव्हते. माहिती ठेवण्याच्या कर्तव्यात आपल्याला अप्रिय गोष्ट सांगणे इतरांना सुरक्षित वाटेल असे वागणेही येते. नुसते वर्तमानपत्र वाचून ते पार पडत नाही.

अज्ञानाबद्दल माणसाला जबाबदार धरावे का, ही चर्चा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवले की, अज्ञान माणसाने स्वतःच ओढवून घेतले असेल तर कायदा त्या अज्ञानाबद्दलही शिक्षा करतो. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट दंड असतो, कारण नशा न करणे त्याच्या हातात होते. तुमच्या सहकाऱ्यांच्या मनातला आक्षेपही त्याने तिथेच विचारात घेतला आहे: काळजी न घेणे हाच एखाद्याचा स्वभाव असेल तर? त्यावर त्याचे उत्तर कठोर आहे. तो म्हणतो की असा स्वभाव निष्काळजी जगण्याने घडतो, आणि तसे जगणे त्यांनीच पत्करलेले असते. माझ्या दृष्टीने हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. चाळिशीच्या माणसाबद्दल ते बव्हंशी लागू पडते. नुकत्याच घराबाहेर पडलेल्या तरुणाबद्दल नाही, कारण त्याचा स्वभाव अजून इतरांनी घडवलेलाच असतो. तुमच्या सहकाऱ्यांचे वय तुम्ही लिहिलेले नाही, पण ज्याअर्थी ते अशा समितीवर आहेत त्याअर्थी स्वतःच्या निवडीने जगलेली बरीच वर्षे त्यांच्या गाठीशी असावीत.

सबबीची मुदत कशी संपते हे इतिहासात एका ठिकाणी फार स्पष्ट दिसते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चहात साखर घालणाऱ्या सामान्य माणसाला ती साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून येते याची अंधुक कल्पना असेल, पण ते श्रम आणि तो समुद्रप्रवास त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलेला नव्हता. १७८८ आणि १७८९ मध्ये ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा आराखडा छापून वाटला गेला. त्यात माणसे तळघरात एकमेकांना खेटून कशी रचली जात हे एका नजरेत दिसत होते. १७९१ मध्ये साखर वर्ज्य करण्याचे आवाहन करणारी पुस्तिका निघाली आणि ती मोठ्या संख्येने खपली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीतील प्रमुख कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर वापरणे सोडले. १७८० साली ज्या कुटुंबाला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणता आले असते, त्याच कुटुंबाला त्याच घरात, त्याच संस्कारांसह, १७९२ साली तसे म्हणता येत नव्हते. कुटुंबाची वाढ बदलली नव्हती. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले होते एवढेच बदलले होते. चित्र पाहूनही ज्यांनी नजर वळवली, त्यांचे अज्ञान त्या दिवसापासून त्यांचे स्वतःचे झाले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. वाढ फक्त माहिती अडवते असे नाही, काय महत्त्वाचे वाटावे हेही तीच ठरवते. समोर आलेली खूण ही खूण आहे हेच ज्याला दिसत नाही, त्याचे काय? तत्त्वज्ञ सुसान वुल्फ यांनी १९८७ मध्ये एका क्रूर हुकूमशहाच्या मुलाचे काल्पनिक उदाहरण मांडले. वडिलांनी त्याला लाडाने, आपल्याच मूल्यांमध्ये वाढवले, आणि मोठा होऊन तोही तसाच क्रूर झाला. अशा माणसाला पूर्ण जबाबदार धरायला आपले मन कचरते, हे वुल्फ यांचे निरीक्षण मला मान्य आहे. पण १९९४ मध्ये तत्त्वज्ञ मिशेल मूडी-ॲडम्स यांनी त्याच्या उलट बाजूकडे लक्ष वेधले. ‘माझी संस्कृतीच तशी होती’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कळणे शक्य नव्हते असे नसते. जे सहज कळले असते ते कळून न घेणे त्यांना सोयीचे असते. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, ही आपली म्हण याच भेदावर बोट ठेवते.

या वादात मला ग्रिम्के भगिनींची आठवण नेहमी होते. सारा ग्रिम्के १७९२ मध्ये आणि तिची बहीण अँजेलिना १८०५ मध्ये, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या एका श्रीमंत, गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मल्या. गुलामांना अक्षर शिकवणे तिथे निषिद्ध होते. सारा लहान असताना तिच्या सेवेतील मुलीला रात्री चोरून वाचायला शिकवत असे. त्या दोघी दिवा मालवून, दाराच्या कुलपाचे छिद्र झाकून, शेकोटीच्या उजेडात पुस्तक उघडत. पुढे दोघी बहिणी घर सोडून उत्तरेत गेल्या, गुलामगिरीविरुद्ध जाहीरपणे बोलू लागल्या, आणि १८३८ मध्ये अँजेलिनाने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे भाषण केले. हे उदाहरण मी ‘त्यांना जमले, मग तुम्हाला का नाही’ असे खिजवण्यासाठी देत नाही. असामान्य धैर्य हे सर्वांसाठीचे माप असू शकत नाही. त्यातली झाकलेल्या छिद्राची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जिथे काही शिकण्यावर बंदी असते, जिथे एखादा विषय निघाला की मोठी माणसे गप्प होतात किंवा रागावतात, तिथे त्या घरातील मुलांना आत काहीतरी लपवलेले आहे याची खूण मिळालेली असते. पूर्णपणे खूणरहित अशी वाढ मी तरी क्वचितच पाहिली आहे. दाराखालून येणारा प्रकाश बहुतेकांनी पाहिलेला असतो.

तरीही समजा, एखाद्याला खरोखरच काही कळणे शक्य नव्हते. त्याला दोषमुक्त करावे, यात मला शंका नाही. पण दोषमुक्त होणे आणि निर्णय घेण्यास पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समित्यांमध्ये हाच घोटाळा सर्वाधिक होतो. ज्याला रंग ओळखता येत नाहीत त्याच्यावर कोणी रागावत नाही, पण रंगांची प्रतवारी त्याच्याकडे सोपवतही नाही. सबब मान्य केली म्हणून खुर्ची कायम राहते असे नाही. अर्जदारांचे आयुष्य कसे असते हे ज्याला माहीत नाही आणि ते जाणून घ्यायचेही नाही, तो कितीही निर्मळ मनाचा असला तरी त्या अर्जांवर मत देण्याच्या जागी बसू नये.

दोष मागे पाहून ठरतो, जबाबदारी पुढे पाहून पेलायची असते. हा भेद राजकीय तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी चांगला मांडला आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, त्यांचे ते लेखन प्रसिद्ध झाले. अन्याय्य रचनेचा लाभ ज्यांना होतो त्यांनी तो अन्याय केलेला असेलच असे नाही, पण ती रचना बदलण्याचा वाटा त्यांच्याकडे अधिक येतो, कारण त्यांच्याकडे ते करण्याची क्षमता अधिक असते. तुमच्या सहकाऱ्यांना ‘तुमचा काय दोष’ या प्रश्नातच अडकू दिले तर ते स्वतःचा बचाव करत बसतील, आणि त्या बचावात तथ्यही असेल. ‘आता पुढे काय करणार’ असे विचारले तर बालपणाकडे बोट दाखवून उत्तर पूर्ण होत नाही.

जाणूनबुजून डोळे मिटणे ओळखायचे कसे, याबद्दल न्यायालयांनी वापरलेली एक कसोटी मला शिकवताना फार उपयोगी पडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पेटंटविषयक एका खटल्यात अशा अंधत्वासाठी दोन अटी सांगितल्या: अमुक गोष्ट असण्याची दाट शक्यता आहे असे त्या माणसाला स्वतःला वाटत असले पाहिजे, आणि ती कळू नये म्हणून त्याने हेतुपूर्वक काही केलेले असले पाहिजे. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तर कायदा त्याला जाणकारच मानतो. कायद्यासाठी ही कसोटी योग्य आहे, कारण तिथे शिक्षेचा प्रश्न असतो. रोजच्या नैतिक व्यवहारात मी दुसरी अट थोडी सैल करतो. टाळण्यासाठी काही केले नाही, पण एक प्रश्न विचारला असता तर कळले असते आणि तो विचारला नाही, एवढेही मला पुरते. विशेषतः तो प्रश्न विचारणे स्वस्त होते आणि न विचारण्याची किंमत दुसरा कोणी मोजणार होता, अशा वेळी.

इथपर्यंतचे म्हणणे थोडक्यात असे: साधने हिरावलेल्याला सबब आहे, साधने असलेल्याला ती खूण मिळेपर्यंतच आहे, आणि सबब खरी ठरली तरी ती पुढच्या कामातून सोडवत नाही. आता तुमच्या स्वतःच्या शंकेकडे वळतो, कारण माझ्या मते तुम्ही तुमच्यावर उगाच मोठा आरोप ठेवला आहे.

माहिती ठेवणे म्हणजे जगात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची खबर ठेवणे, असे मी मानत नाही. ते कोणालाच शक्य नाही. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच दाखवले होते की, माहिती मिळवण्यात वेळ आणि श्रम खर्च होतात, आणि एका मताने निकाल बदलण्याची शक्यता इतकी कमी असते की सामान्य मतदाराने सखोल अभ्यास न करणे हे व्यवहाराच्या दृष्टीने सुसंगतच आहे. या युक्तिवादाला मी मुद्दाम वजन देतो, कारण कष्टकरी माणसावर नागरिकत्वाच्या नावाखाली अशक्य ओझे टाकणाऱ्या उपदेशाला तो उत्तर देतो. पण तो कुठे लागू पडत नाही हेही पाहा. ज्याचे एक मत अनेकांच्या आयुष्यावर थेट परिणाम करते, त्याला हा हिशेब लागू होत नाही. पाच-सात जणांच्या समितीत प्रत्येक मताला निर्णायक वजन असते.

म्हणून माझा नियम असा आहे की, जाणून घेण्याचे कर्तव्य तुमच्या निर्णयांच्या मागून चालते. इंग्रज गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. जहाज जुने झाले आहे, दुरुस्तीची गरज असावी, अशा शंका त्याच्या मनात येतात. तो त्या हळूहळू दाबतो, जहाज सुरक्षित आहे असा मनापासून विश्वास बाळगू लागतो, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना त्यात बसवून पाठवतो. जहाज समुद्रात बुडते आणि तो विम्याचे पैसे घेतो. त्याचा विश्वास खरा होता, तरी तो दोषी आहे, कारण समोरच्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क नव्हता. आणि क्लिफर्ड पुढे म्हणतात की, जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच दोषी राहिला असता. ‘मला मनापासून तसे वाटत होते’ हे म्हणणे किती अपुरे आहे, हे याहून स्पष्ट करणे अवघड आहे. मात्र त्या मालकाने दुसऱ्या एखाद्या बंदरातील जहाजांचीही माहिती ठेवायला हवी होती, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या जहाजात कोण बसते ते पाहावे आणि त्या जहाजाची तपासणी करावी, एवढे माप मला पुरेसे आणि पेलण्याजोगे वाटते.

या मापाने पाहिले तर बातम्या बंद करणे म्हणजे अनभिज्ञ राहणे नव्हे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत सुमारे ३९ टक्के लोकांनी आपण कधीकधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो असे सांगितले; २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होते. दिवसभर आदळणाऱ्या मथळ्यांपासून अंतर ठेवणारा माणूस एखाद्या विषयाचा सविस्तर अहवाल शांतपणे वाचत असेल, तर तो माझ्या दृष्टीने अधिक जाणता आहे. तुम्ही शिष्यवृत्तीच्या समितीवर आहात. अर्जदार कोणत्या परिस्थितीतून येतात, मध्येच शिक्षण सोडणारी मुले का सोडतात, अर्जाची पद्धत कोणाला बाहेर ठेवते, हे तुम्ही जाणून घेत असाल तर तुमचे मुख्य कर्तव्य पार पडते आहे. बातम्यांच्या विश्रांतीला मी एकच अट घालेन: ज्या विषयावर तुमचे मत चालते, त्या विषयापासून विश्रांती घेऊ नका.

माहिती शोधणारा प्रामाणिक माणूसही फसवला जाऊ शकतो, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन १९५० मध्ये प्रसिद्ध झाले होते, १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याचा, अहवालही आला, तरी तंबाखू उद्योग लोकांच्या मनात संशय पेरत राहिला; ‘संशय हेच आमचे उत्पादन आहे’ अशा आशयाचे वाक्य एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात सापडले आहे. अशा फसवणुकीला बळी पडलेल्या धूम्रपान करणाऱ्याला मी दोष देणार नाही, फसवणाऱ्याला देईन. शोध घेऊन चुकीच्या उत्तरावर पोहोचलेला आणि शोधच न घेतलेला, यांना एका पंक्तीत बसवू नये.

सहकाऱ्यांशी बोलण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, तर आहे, आणि तुमची सुस्थितीतली वाढ त्याच्या आड येत नाही. ज्यांनी त्रास भोगला त्यांनीच प्रत्येक वेळी इतरांना शिकवत बसावे, ही अपेक्षा त्यांच्यावर दुहेरी भार टाकते. तुम्ही त्याच वातावरणातून आलात, त्यामुळे ‘मलाही हे माहीत नव्हते, मला असे असे कळले’ हे वाक्य तुमच्या तोंडून त्यांना ऐकवेल. अभ्यासवर्गांतला माझा अनुभव असा आहे की, सुखवस्तू माणसाच्या डोक्यात रिकामी जागा क्वचितच असते. तिथे आधीच एक चुकीची खात्री बसलेली असते. तुमच्या सहकाऱ्यांना मुदतीनंतरच्या अर्जांबद्दल काही माहीत नव्हते असे नाही. त्यांना वाटत होते की आपल्याला कारण माहीत आहे, आणि ते कारण म्हणजे तळमळीचा अभाव. म्हणून त्यांच्यापुढे आकडेवारीचा ढीग ठेवून फारसे साधणार नाही. त्यांना विचारा की, हे कारण आपण कशावरून ठरवले, आणि ते खोटे ठरवणारी गोष्ट कुठे शोधली होती का?

त्यानंतर शोध घेण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. उशिरा आलेल्या अर्जांपैकी काही अर्जदारांशी समितीच्या वतीने त्यांनी स्वतः बोलावे, उशीर का झाला ते विचारावे, आणि पुढच्या बैठकीत ते जसेच्या तसे सांगावे. बोलताना अर्जदाराला एवढे स्पष्ट सांगितले पाहिजे की, या संभाषणाचा निकालावर विपरीत परिणाम होणार नाही. नाहीतर पुन्हा तेच होईल, समोरचा माणूस साहेबांना रुचेल ते सांगेल. अर्ज स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्या बैठकीत बोलवा आणि त्याचे म्हणणे सर्वांच्या आधी ऐका, कारण अध्यक्ष आणि सदस्य बोलून झाल्यावर तो वेगळे काही बोलणार नाही.

हे सगळे झाल्यावर त्यांचे मत बदलले नाही तरी चालेल. कदाचित काही अर्जदार खरोखर बेफिकीर निघतील, आणि मग ते मत माहितीवर आधारलेले असेल. त्याच्याशी तुम्ही वाद घालू शकाल, ते ऐकूनही घेऊ शकाल. पण त्यांनी बोलायलाच नकार दिला आणि पुन्हा आपल्या घराचे नाव पुढे केले, तर त्या क्षणी प्रश्न त्यांच्या वाढीचा राहत नाही. त्या वेळी तुम्ही अध्यक्षांना लेखी कळवा की, या अर्जांच्या निर्णयातून त्यांनी बाजूला राहावे.